मागाच्या गावी दोन दिवस: सोलापूर कसं पाहावं

पुण्याकडून येणारी गाडी सोलापूर स्थानकात थांबली की डबे भराभर रिकामे होतात. उतरलेल्यांपैकी बरेच जण स्थानकाबाहेर येऊन तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूरची गाडी धरतात. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर सत्तरेक. तीन मोठ्या तीर्थांच्या मधोमध वसल्यामुळे या शहराच्या वाट्याला वाटेवरचं ठिकाण एवढीच ओळख आली. दर्शन आटोपून परतताना एखादी चादर खरेदी केली की आपण सोलापूर पाहिलं, अशीही अनेकांची समजूत असते.

खरं तर ज्या चादरीची घडी पिशवीत घालून आपण निघतो, तिच्यामागेच सगळं शहर उभं आहे. इथले किल्ले, देवळं, यात्रा, भाषा, स्वातंत्र्यलढा आणि जेवणाचं ताट या साऱ्यांना कापूस, सूत आणि माग यांनी कुठे ना कुठे बांधून ठेवलं आहे. तो धागा धरून फिरलं तर सोलापूर दोन दिवसांतही नीट कळू लागतं.

बुर्सा ते सोलापूर

सोलापूरच्या दुकानात चादरींच्या शेजारी टॉवेलांच्या थप्प्या असतात. दोन्ही अंगांना बारीक फासे असलेल्या या जाड टॉवेलाला दुकानदार आजही टर्किश टॉवेल म्हणतो. त्याचं मूळ वायव्य तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात आहे. उस्मानी तुर्कांनी १३२६ मध्ये बुर्सा जिंकलं आणि तिथे आपली पहिली मोठी राजधानी वसवली. गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे तिथे हमामखाने नांदत होते आणि अंग पुसण्यासाठी उत्तम कापड विणलं जात होतं. अठराव्या शतकात तिथल्या विणकरांनी कापडावर सुताचे फासे उठवण्याची कला साधली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री क्रिस्टी या इंग्रज प्रवाशाने तो टॉवेल पाहिला आणि नमुना मायदेशी नेला. त्याच्या कुटुंबाच्या कारखान्यातल्या सॅम्युअल होल्ट या कारागिराने हे फासे यंत्रावर विणण्याची रीत बसवली. १८५१ च्या लंडनमधल्या जागतिक प्रदर्शनात तो टॉवेल मांडला गेला आणि पुढे जगभर पसरला.

बुर्साशी दख्खनचं नातं मात्र त्याहून कितीतरी जुनं आहे. पंधराव्या शतकात सोलापूरचा मुलूख बहामनी राज्यात होता आणि महमूद गवान त्या राज्याचा वजीर होता. बिदरला मोठा मदरसा बांधणारा हा वजीर स्वतः मुळात व्यापारी. उस्मानी सुलतानाशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याची माणसं हिंदुस्थानी कापड घेऊन बुर्साच्या बाजारात गेल्याच्या नोंदी तिथल्या न्यायालयीन दप्तरात सापडल्या आहेत. म्हणजे बुर्साचा टॉवेल आपल्याकडे येण्याच्या चारशे वर्षं आधी आपल्याकडचं कापड बुर्सात विकलं जात होतं.

आज बुर्साला जाणारा पाहुणा वीस घुमटांची उलू जामी मशीद पाहतो, पहिल्या सुलतानांच्या कबरी पाहतो, आणि तितक्याच आवडीने १४९१ मध्ये बांधलेल्या कोझा हान या रेशीमबाजाराच्या चौकात चहा पीत बसतो. २०१४ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मशिदींबरोबर हे व्यापारी हानही त्यात आले. सोलापूरकडेही अशाच नजरेने पाहायला हवं.

पहिली सकाळ: किल्ला आणि तळं

सुरुवात भुईकोटापासून करावी. शहराच्या अगदी मध्यात, सिद्धेश्वर तलावाच्या काठी हा किल्ला आहे. दुहेरी तट, बाहेर खंदक आणि एका अंगाला तळ्याचं पाणी. बहामनी काळात त्याची उभारणी झाली. बहामनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोघांच्या सीमेवर सोलापूर आलं आणि दीडशे वर्षं हा किल्ला दोन्ही घराण्यांच्या भांडणाचं कारण ठरला.

भांडणाचा धागा लग्नांत गुंतलेला आहे. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं. ते दिलं गेलं नाही आणि लढाया जुंपल्या. पुढे अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली. या वेळी हुंड्यात सोलापूरचा किल्ला खरोखरच विजापूरकडे गेला. या सोयरिकीने जुळलेल्या दोस्तीतूनच जानेवारी १५६५ ची तालिकोटची लढाई लढली गेली आणि विजयनगरचं वैभव लयाला गेलं. दक्षिणेच्या इतिहासाला वळण देणारी सोयरीक ज्या किल्ल्याच्या सौद्यावर झाली, त्याच्या तटावर आज सकाळी माणसं फिरायला येतात.

१६६८ च्या तहाने किल्ला मोगलांकडे गेला, मग निजामाकडे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीला पेशव्यांकडे. याच जिल्ह्यात आष्टीजवळ फेब्रुवारी १८१८ मध्ये सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरला वेढा घातला आणि किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. आत गेल्यावर खांबांची मोठी वास्तू आणि जुन्या देवळाचे कोरीव अवशेष शेजारीशेजारी पाहायला मिळतात. इथल्या दगडांत बहामनींच्या आधीचं सोलापूरही शिल्लक आहे.

ते आधीचं सोलापूर समजून घ्यायला तळ्याच्या मध्यावर असलेल्या सिद्धेश्वर मंदिरात जावं. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे या शहराचं ग्रामदैवत. बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांच्या काळातले हे संत कन्नड वचनकार होते आणि त्यांच्या वचनांच्या अखेरीस कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाची मुद्रा येते. त्यांची भक्ती कामातून प्रकटली. दुष्काळी मुलखात माणसांना आणि जनावरांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी श्रमदानाने तळं खोदवलं आणि गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली. कमी पावसाच्या या प्रदेशात आठशे वर्षांपूर्वीच्या एका संताने तळं हीच पूजा मानली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मंदिराच्या आवारात त्यांची योगसमाधी आहे. दर्शन झाल्यावर पाण्याच्या कडेने थोडं बसावं. समोर किल्ल्याचा तट आणि मागे देवळाचा घंटानाद असं हे ठिकाण आहे.

दुपार: मागाच्या खडखडाटात

दुपारी पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जावं. गल्लीत शिरण्याआधीच मागांचा आवाज येऊ लागतो. ओळखीच्या दुकानदाराकडून कारखानदाराला फोन करवून घेतला, सुटीचा वार आधी विचारला आणि काम चालू असताना मध्ये मध्ये केलं नाही, तर बहुतेक ठिकाणी आनंदाने आत घेतात.

टॉवेलाचे फासे कसे उठतात हे पाहण्यासारखं आहे. साध्या कापडात उभ्या धाग्यांचा एकच ताणा असतो. टॉवेलाच्या मागावर दोन बीम असतात. एका बीमवरचे धागे घट्ट ताणलेले, दुसऱ्यावरचे सैल सोडलेले. आडवा धागा टाकून झाला की फणी पुढे येऊन तो कापडाशी ठोकते. इथे मात्र पहिले दोन आडवे धागे मुद्दाम थोडे मागेच ठेवतात. तिसरा धागा पडला की फणी पूर्ण पुढे येते आणि तिन्ही धाग्यांना एकदम कापडाशी ढकलते. घट्ट ताणा जागचा हलत नाही. सैल ताणा मात्र त्या धक्क्याबरोबर पुढे सरकतो आणि वर-खाली फासे होऊन उभा राहतो. या असंख्य फाशांमुळे कापडाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि पाणी चटकन शोषलं जातं. बुर्साच्या विणकराने हाताने साधलेली ही युक्ती आता तुमच्या डोळ्यांसमोर पापणी लवायच्या आत घडत असते.

चादरीची करामत जकार्डमध्ये असते. मागाच्या वर बसवलेल्या या यंत्रात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पट्टी. जिथे भोक, तिथला उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तो खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्या ओळीने सरकल्या की मोरपिसं, फुलं आणि वेलबुट्ट्या कापडात उतरतात. नक्षी वरून छापलेली नसते, ती विणीतच असते. म्हणून अस्सल सोलापुरी चादर उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. धुऊन धुऊन सूत विरलं तरी नक्षी पुसत नाही. विकत घेताना आधी उलटी बाजू पाहावी, ही इथल्या जाणत्या गिऱ्हाइकाची सवय. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि देशात असं मानांकन मिळालेल्या पहिल्या वस्तूंत त्यांची गणना होते.

हे कसब आणलं कोणी, हेही जाणून घ्यावं. तेलंगणातले पद्मशाली विणकर पोटापाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या इथे येत राहिले. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि आसपासच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. १८७० च्या दशकात मोठी कापड गिरणी उभी राहिली. लोक तिला जुनी गिरणी म्हणत. पाठोपाठ नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम या गिरण्या आल्या. भोंग्यावर शहराचं घड्याळ चालू लागलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण विणकरी थांबली नाही. ती यंत्रमागांवर गेली. घरच्या बायकांनी विड्या वळून संसार सांभाळले. आजही पूर्व भागात दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू दिसतं, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, नवरात्रात बतुकम्मा मांडली जाते. देवळाच्या अंगाला कन्नड, बाजारात मराठी, पूर्व भागात तेलुगू, आणि दख्खनी उर्दू सगळीकडे. सोलापूरकर यांतल्या दोन-तीन भाषा लहानपणापासून सहज बोलतो.

संध्याकाळ: चार हुतात्मे आणि एक डॉक्टर

एकाच गिरणीत आणि एकाच पेठेत राबणारी ही निरनिराळी माणसं १९३० मध्ये एकदिलाने उभी राहिली. ६ एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. मेच्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे यांच्यासह अनेकांनी प्राण गमावले. लोकांच्या संतापापुढे पोलिसांनी शहर सोडलं. पुढचे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ता नव्हती आणि काँग्रेसचे स्वयंसेवक शहराची व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत चालला. गांधी टोपी घालणंही त्या काळात धोक्याचं होतं.

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ही चार नावं सलग उच्चारली की शहराच्या चारी वस्त्या डोळ्यांपुढे येतात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहावं. सोबत मुलं असतील तर त्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी. जवळच वारद घराण्याने बांधलेला इंद्रभुवन हा देखणा वाडा आहे. महानगरपालिकेचा कारभार त्यात चालत आला असून त्याच्या कमानी आणि कोरीव काम बाहेरूनही मन वेधून घेतं.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेला. आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथलीच परिचारिका कुओ चिंगलान हिच्याशी संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच देह ठेवला. चीनमध्ये त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं आणि तिथले पाहुणे या घरी येऊन गेले आहेत. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. पुढच्याच वर्षी त्यांच्या राजकमल संस्थेने आणखी एका सोलापूरकरावर चित्रपट आणला, तो होता पेशवाईतला शाहीर राम जोशी.

ताटात काय

सोलापूरचं जेवण कमी पाण्याच्या, ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाचं आहे. इथली कडक भाकरी पापडासारखी पातळ थापतात, भाजतात आणि वाळवतात. ती कित्येक दिवस टिकते, त्यामुळे प्रवासाला आणि शेतावर नेण्याची ही शिदोरी. तिच्याबरोबर उखळात कुटलेली शेंगा चटणी हवीच. कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, लालसर होते. मिक्सरमध्ये तो मऊपणा येत नाही. सकाळच्या न्याहारीला चुरमुऱ्यांचा सुशीला, सणाला शेंगापोळी, कानडी घरांत गव्हाची हुग्गी आणि मांसाहारी मंडळींसाठी काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण. थंडीत आसपासच्या शेतांवर ज्वारीचा हुरडा भाजतात. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतल्या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घरी न्यायला चादरीबरोबर चटणी आणि कडक भाकरीही घ्यावी.

दुसरा दिवस: शहराबाहेर

दुसऱ्या दिवशी तीन दिशा मोकळ्या आहेत. त्यांतली एक निवडावी.

पावसाळ्यात हैदराबाद रस्त्याने नळदुर्गला जावं, अंतर पन्नासेक किलोमीटर. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच धरण बांधलं गेलं आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल काढला गेला. हाच पाणीमहाल. धरण भरून वाहू लागलं की पाण्याचे दोन प्रपात खाली झेपावतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आतल्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि आपल्या अंगावर थेंब येत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यकाराने पाण्याचा वेग, भिंतीची जाडी आणि माणसाची हौस यांचा मेळ कसा घातला हे पाहायला अभियंत्यांनीही जावं.

मराठीवर प्रेम असेल तर दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलला जावं. भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही जुनी देवळं आहेत. इथल्या एका तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत तो मोडतो. हा लेख वाचणाऱ्याचा विजय होवो, अशी सदिच्छा त्यात कोरलेली आहे. उत्खननात सापडलेलं अनेक मुखांचं शिवलिंगही इथे आहे. ३५९ मुखं कोरलेला हा एकच दगड पाहताना वेळेचं भान राहत नाही.

हिवाळ्यात पहाटे उठण्याची तयारी असेल तर नान्नजच्या माळरानावर जावं. १९७९ मध्ये जाहीर झालेलं हे माळढोक अभयारण्य शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. माळढोकाचं दर्शन आता अतिशय दुर्मीळ झालं आहे. तरीही काळविटांचे कळप, लांडगा, खोकड आणि धाविकांसारखे गवताळ रानातले पक्षी इथे दिसतात. जंगल म्हणजे दाट झाडी ही समजूत इथे दुरुस्त होते. वनखात्याच्या परवानगीने आणि वाटाड्याबरोबरच फिरावं. त्याच हंगामात हिप्परगा तलावावरही पक्ष्यांसाठी थांबावं. १८७१ मध्ये पूर्ण झालेला हा एकरूख तलाव शहराची आणि शेतीची तहान भागवत आला आहे.

तिसरा दिवस हाती असेल तर पुन्हा तुर्कस्तानचा धागा पकडता येतो. बार्शीच्या पलीकडे परांड्याचा किल्ला आहे. तो महमूद गवानच्या काळातला मानतात. विजापुरात ठेवलेली मुलूख-ए-मैदान ही अजस्र तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा होता मोहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या प्रदेशातून आलेला. ही तोफ काही काळ परांड्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर. परांडा आणि विजापूर अशी जोडयात्रा केली तर तोफेचा सगळा प्रवासच नजरेखालून जातो.

केव्हा यावं

उन्हाळा टाळावा, इथला मे महिना पाहुण्याला सोसवत नाही. सर्वांत उत्तम काळ संक्रांतीचा. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा १३ जानेवारीच्या सुमारास सुरू होते. सिद्धरामांशी लग्न करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली आणि तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लावून देण्यात आलं, अशी कथा आहे. त्या लग्नाचा सोहळा दरवर्षी होतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उंचच उंच सात नंदीध्वज पेलत ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्यानंतर होमविधी होतो आणि मग शोभेचं दारूकाम. एवढा उंच ध्वज कंबरेच्या पट्ट्यावर तोलून चालणं ही वर्षभराच्या सरावाची करामत आहे. सगळं सोलापूर, भाषा कुठलीही असो, या दिवसांत 'हर्र बोला हर्र' म्हणत रस्त्यावर असतं.

पाहण्याजोगं करण्याची गोष्ट

शेवटी पुन्हा बुर्साकडे वळतो. तिथे मेरिनोस नावाची लोकरीच्या कापडाची मोठी गिरणी १९३८ मध्ये सुरू झाली होती. ती बंद पडल्यावर शहराने तिची जागा जपली आणि २०११ मध्ये तिथे वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उघडलं. सोलापुरात जुनी गिरणी राहिली नाही, भोंगेही थांबले. पण जाणते विणकर आहेत, जकार्डच्या पट्ट्या कापणारे कारागीर आहेत, जुने हातमाग अजून घरांच्या कोपऱ्यांत आहेत आणि गिरण्यांच्या आठवणी सांगणारी माणसं हयात आहेत. महापालिका, विद्यापीठ आणि कारखानदार यांनी मिळून एक चालता माग, एक जकार्ड, चारशे-पाचशे जुने नमुने आणि या माणसांच्या मुलाखती एका छताखाली आणल्या, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेची सहल तिथे येऊ शकेल. हे काम पुढच्या दहा वर्षांत व्हायला हवं, कारण सांगणारी पिढी थकत चालली आहे.

ते होईपर्यंत पाहुण्याने आपल्या परीने हातभार लावावा. देवदर्शनाच्या प्रवासात सोलापूरसाठी दोन रात्री राखून ठेवाव्यात, चादर घेण्याआधी ती विणताना पाहावी आणि विणणाऱ्याला त्याच्या कामाबद्दल चार प्रश्न विचारावेत. पाहुणे मागापर्यंत येऊ लागले की मागाला मोल येईल, आणि मोल आलं की तो चालू ठेवणारे हातही पुढच्या पिढीत तयार होतील.